टोपीची पिन ते पाच मायक्रॉन

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘फ्युएल फिल्टर’ ही ओळ साधारण सातवी-आठवी असते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि मग हा. "हा बदलायलाच हवा होता का?" असं आपण विचारायच्या आत समोरचा माणूस व्हील अलाइनमेंटवर पोचलेला असतो. या वीकांताला त्या एका ओळीचा इतिहास सांगायचा विचार आहे. कंटाळवाणा असेल असं वाटत असेल तर आधीच सांगून ठेवतो, त्यात टोपीची पिन आहे, कमावलेलं कातडं आहे आणि दोन खूनही आहेत.

सुरुवात ऑगस्ट १८८८ पासून. जर्मनीतल्या मानहाइममधून बर्था बेंझ नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी, फोर्झहाइमला निघाली. नवऱ्याला न सांगता. नवरा म्हणजे कार्ल बेंझ, आणि बाईंनी नेलेलं वाहन म्हणजे त्यानेच बनवलेली तीन चाकांची मोटार. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोवर मोटार नावाची वस्तू गावात चार फेऱ्या मारण्यापलीकडे गेलेली नव्हती. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतलं. हे पेट्रोलचंच भावंड, पण तेव्हा लोक ते डाग काढायला वापरायचे. आणि मग मध्येच कुठेतरी इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीला खोचलेली लांब पिन काढली, नळीत घालून कचरा मोकळा केला आणि पुढे निघाल्या.

म्हणजे बघा, जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासात इंजिनाने दगा दिला नाही, पण नळीतल्या कचऱ्याने दिला. हा प्रॉब्लेम गाडीइतकाच जुना आहे.

आणि तो असणारच होता. पेट्रोल तेव्हा पत्र्याच्या डब्यांतून, पिंपांतून, किराण्याच्या नाहीतर औषधाच्या दुकानातून यायचं. डब्याच्या आत गंज, पिंपात पाणी, नरसाळ्यात धूळ. त्यामुळे जाणकार मंडळी टाकीत पेट्रोल ओतताना नरसाळ्यावर शॅमॉयचं मऊ कातडं ताणून धरायची. त्यातून पेट्रोल झिरपतं, पाणी वरच राहतं. आपल्याकडे वैद्य लोक चूर्ण वस्त्रगाळ करतात, तसं हे कातडंगाळ पेट्रोल. विमानं नवीन होती तेव्हा वैमानिकही हेच करायचे, कारण त्यांना रस्त्याच्या कडेला थांबून पिन शोधायची सोय नव्हती.

फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) आली तेव्हा टाकी पुढच्या सीटखाली असायची आणि पेट्रोल निव्वळ उतारावरून वाहत कार्बोरेटरकडे जायचं. पंप वगैरे भानगड नाही. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ उभा असेल तर कार्बोरेटर टाकीच्या वर जायचा आणि गाडी उपाशी मरायची. मग लोक रिव्हर्समध्ये चढ चढायचे! या गाडीच्या टाकीच्या तळाला गाळ साचायला एक छोटा फुगा होता आणि त्याला तोटी. अधूनमधून तोटी उघडायची, पाणी आणि गाळ रस्त्यावर सोडून द्यायचा, तोटी बंद करायची. पुढच्या काळात कितीतरी गाड्यांच्या पंपाला काचेची वाटी आली. बॉनेट उघडलं की तिच्यात तळाला बसलेला गाळ नुसत्या डोळ्यांना दिसायचा. ही वाटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कार्बोरेटरच्या जमान्यात कचऱ्याने फार मोठं नुकसान होत नसे. जेटचं भोक जेमतेम मिलिमीटरभर, त्यात कण अडकला की गाडी आचके द्यायची, बंद पडायची. "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय" हे वाक्य ज्यांच्या घरी स्कूटर होती त्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. मेकॅनिक जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचा, परत बसवायचा. दहा मिनिटं आणि चहाचे पैसे. सगळं काम मोठ्या भोकांचं आणि कमी दाबाचं होतं, त्यामुळे कचरा म्हणजे फक्त वैताग होता.

तो महाग झाला डिझेलमुळे.

रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाची कल्पना मांडली तेव्हा कोळशाची भुकटीसुद्धा इंधन म्हणून चालेल असं धरलं होतं, म्हणजे हा गृहस्थ कचऱ्याला घाबरणारा नव्हता. सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत इंधन सिलिंडरमध्ये फुंकायला दाबलेली हवा वापरायचे आणि त्यासाठी वेगळा भलाथोरला कॉम्प्रेसर लागायचा. जहाजात, कारखान्यात ठीक होतं, पण मोटारीत ते धूड कोण घालणार? १९२२ मध्ये रॉबर्ट बॉशने ठरवलं की आपण इंधन थेट दाबाने मारणारा पंप बनवायचा. १९२७ मध्ये त्याचं नियमित उत्पादन सुरू झालं. त्या छोट्या पंपामुळेच डिझेल आधी ट्रकमध्ये आणि मग १९३६ साली मर्सिडीज २६० डी सारख्या मोटारीत बसलं.

या पंपातली खरी करामत म्हणजे एक दांडा आणि त्याचं नळकांडं. दोघांमध्ये फट किती? दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. रबराचं सील नाही, वॉशर नाही. धातूला धातू इतका बेमालूम बसतो की त्यातून डिझेलसुद्धा नीट गळत नाही. हे दांडे आणि नळकांडी जोडीनेच घासून तयार करतात, एकाचा दांडा दुसऱ्याला चालत नाही. आता यात रस्त्यावरच्या धुळीचा पाच-दहा मायक्रॉनचा कण गेला तर काय होईल? कार्बोरेटरसारखा तो अडकून बसत नाही, तो ओरखडा काढतो. ओरखडा फुंकून जात नाही. दाब कायमचा कमी होतो, इंजिन काळा धूर सोडतं, चढावर दम टाकतं. आणि या दांड्या-नळकांड्याला वंगणही डिझेलचंच असतं. म्हणजे डिझेल हेच इंधन, आणि तेच तेल.

त्यामुळे डिझेल इंजिनाबरोबर गंभीर फिल्टर आला. भारतात १९५१ साली बंगळुरात बॉशच्या तंत्रावर मायको सुरू झाली. पुढे तिचा नाशिकचा सातपूरचा कारखाना इंजेक्टर-नॉझलसाठी प्रसिद्ध झाला. (२००८ मध्ये कंपनीचं नावच बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजून ‘मायको’च म्हणतात.) जुन्या ट्रक-ट्रॅक्टरवर शेजारी शेजारी दोन डबे दिसायचे, आधी नमद्याचा फिल्टर, मग कागदाचा. मोठा कचरा पहिल्यात, बारीक दुसऱ्यात. फिल्टर बदलला की हातपंप मारून ‘एअर काढायची’, नाहीतर ट्रॅक्टर स्टार्टच होत नाही. गावाकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

आता जरा फिल्टर तुंबतो म्हणजे काय होतं ते बघू, कारण इथे एक गंमत आहे. चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणा. चोथा साचत गेला की चहा आणखी स्वच्छ पडतो, फक्त थेंब थेंब पडतो. फिल्टरचंही तेच. जुना झालेला फिल्टर कचरा सोडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अर्धवट भरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, कारण अडकलेला कचराच पुढच्या कचऱ्याला अडवतो. बिघडतो तो प्रवाह. गाडी नुसती चालू ठेवून उभी असेल तर इंजिनाला तासाला लिटरभर इंधनही पुष्कळ होतं. तेच इंजिन घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढत असेल तर तासाला वीस-तीस लिटरच्या वेगाने मागायला लागतं. म्हणून तुंबलेल्या फिल्टरची गाडी पार्किंगमध्ये गुणी बाळासारखी वागते, गावातल्या रस्त्यावरही ठीक असते, आणि खंबाटकीच्या चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला जावं तेव्हा नेमकी हात वर करते. आमच्या धंद्यात याला ‘फक्त लोडवर येणारा बग’ म्हणतात. टेस्टिंगमध्ये सापडत नाही, दिवाळीच्या सेलच्या रात्री सापडतो.

यानंतरची मोठी उडी १९९७ ची. अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेलची पहिली मोटार. तंत्र फियाटच्या लोकांनी विकसित केलं आणि १९९४ मध्ये बॉशला विकलं. इंधन एका सामायिक नळीत भयंकर दाबाखाली साठवून ठेवायचं आणि कॉम्प्युटरने हुकूम दिला की इंजेक्टरने फवारायचं. पहिल्या पिढीतला दाब १३५० बार. मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे समुद्रात सगळ्यात खोल जागी, पाण्याचा दाब सुमारे ११०० बार असतो. पुढे हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. इंजेक्टरची भोकं केसाच्या दीड-दोनपट रुंदीची. या दाबाने निघालेला बारीक कण म्हणजे सँडपेपर! इथे फिल्टरला पाच मायक्रॉनच्या आसपासचं आणि त्याहून बारीकही पकडावं लागतं, शिवाय पाणी वेगळं काढावं लागतं. मारुतीची स्विफ्ट डिझेल २००७ मध्ये आली, तिच्यातलं फियाटचं १.३ लिटरचं इंजिन इतक्या गाड्यांत बसलं की मासिकवाले त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला लागले. फिल्टरची किंमत शेकड्यांत आणि इंजेक्टरची हजारांत, हा हिशेब आपल्या मध्यमवर्गाला त्या इंजिनाने शिकवला.

याच काळात अजून एक गोष्ट घडली आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गाडी आपल्या फिल्टरची अवस्था लपवायला शिकली.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. इंधन कमी पडतंय असं दिसलं की कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. फिल्टर आणखी तुंबला, की आणखी थोडा वेळ. ड्रायव्हरला काहीही कळत नाही. ही भरपाई वाढत वाढत मर्यादेबाहेर गेली की मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी आहे, असा कोड दाखवतो. तोही नुसतं लक्षण सांगतो. एक्सेप्शन पकडायचा, गिळायचा, लॉगमध्ये काहीतरी मोघम लिहायचं, असा प्रकार. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम हवेचे फिल्टर तुंबवून गाड्या चाचणीला लावल्या (हवेचे, इंधनाचे नव्हेत). आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये काही फरकच पडला नाही, वेग पकडायला मात्र त्या मंद झाल्या. "फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" हा जुना सल्ला कॉम्प्युटरवाल्या इंजिनाने बाद केला. आता तुंबणं दिसतं ते फक्त जोर लावताना.

दुसरीकडे फिल्टर स्वतःच दिसेनासा झाला. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपाला चिकटून असतो. सुटा मिळत नाही, बदलायचा तर अख्खा पंपाचा संच. कंपन्या त्याला ‘आयुष्यभराचा’ म्हणतात. कोणाच्या आयुष्यभराचा, हे मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलं मला सापडलेलं नाही. ती काचेची वाटी आठवते? ती असती तर पंपावरून काय भरून आणलं ते तुम्हाला संध्याकाळी दिसलं असतं.

आणि सगळं प्रकरण खरं तर तिथेच येऊन थांबतं, की टाकीत काय आलं. लडाखचं उदाहरण घ्या. फार थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि सगळ्यात आधी फिल्टरवर थर देतं. डिझेलची थंडी सोसायची ताकद मोजायच्या प्रमाण चाचणीचं नावही फिल्टरवरून आहे, डिझेल किती अंशाला जाळीतून जायचं थांबतं तेच तिच्यात मोजतात. लेह-कारगिलकडचे ड्रायव्हर हिवाळ्यात टाकीखाली शेकोटी करायचे. शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. गाडीत काही बदललं नाही, डिझेल बदललं. किंवा अमेरिकेतलं मिनेसोटा. तिथे सप्टेंबर २००५ पासून डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं आणि त्याच हिवाळ्यात ट्रकचे फिल्टर पटापट तुंबायला लागले. काही बायोडिझेल दर्जाला उतरत नव्हतं. सरकारला सक्ती काही काळ थांबवावी लागली. कायद्यातली गफलत सगळ्यात आधी कोणाला सापडली, तर कागदाच्या घडीला.

पण कागदाला सगळंच सापडत नाही. रॉकेल सापडत नाही.

रॉकेल हा कचरा नाही, द्रव आहे. ते फिल्टरमधून डिझेलइतक्याच सहजपणे जातं. पुढे जाऊन मात्र ते वंगण कमी करतं, त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत धातू धातूला घासतो, आणि पंपातून सुटलेला चुरा सरळ इंजेक्टरकडे जातो, कारण फिल्टर पंपाच्या अलीकडे असतो. पेट्रोलमध्ये मिसळलं तर इंजिन ठोके मारतं. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून सरकार त्यात निळा रंग घालायचं. पण २०११ च्या सुमाराला रेशनचं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये आणि डिझेल त्याच्या तिपटीच्या आसपास, तेव्हा एका टँकरमागे किती पैसा होता याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. (आयर्लंडच्या सीमेवर तर शेतीसाठीच्या स्वस्त डिझेलचा रंग शोषक मातीतून गाळून काढायचा धंदा वर्षानुवर्षं चालला. फिल्टरचा असाही उपयोग.)

मंजुनाथ षण्मुगम इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी होता. म्हैसूरला इंजिनिअरिंग, मग लखनौचं आयआयएम, वय २७. आपल्यापैकी अनेकांचा बायोडेटा असाच असतो. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या एका पंपावर त्याने कारवाई केली होती. १९ नोव्हेंबर २००५ ला तो पुन्हा तपासणीला गेला आणि त्याला गोळ्या घालून मारलं. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम ठेवली.

दुसरी जागा आपल्या अगदी जवळची. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात असताना त्यांना एका ढाब्यापाशी टँकरमधून काहीतरी काळंबेरं चाललेलं दिसलं. ते उतरले, चित्रण करायला लागले. त्यांना तिथे भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ तारखेला राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. भेसळीसाठी जी वस्तू वापरतात, त्याच प्रकारच्या वस्तूने त्यांना जाळलं, हे त्या दिवसांत वर्तमानपत्रात वाचलेलं ज्यांना आठवतं ते विसरणार नाहीत.

रेशनच्या रॉकेलवरचं अनुदान २०२० पर्यंत संपलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून बीएस-६ आलं, डिझेलमधलं गंधक दहा पीपीएमवर उतरलं. एका बाजूने इंधन पूर्वी कधी नव्हतं इतकं शुद्ध झालं, आणि दुसऱ्या बाजूने २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटा करतं. तो सुटला की जातो कुठे? फिल्टरकडे. दहा-बारा वर्षांच्या गाडीचा फिल्टर बाहेर, हाताशी असेल तर तो पहिल्या काही टाक्यांनंतर बदलून घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. टाकीतला ‘आयुष्यभराचा’ असेल तर निदान पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवू नका, आत दमट हवा भरते.

आणि हो, एक फिल्टर तुम्हाला अजूनही हातात घेऊन बघता येतो. पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर ठेवणं बंधनकारक आहे आणि तो मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. नॉझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायला सांगा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं, कागद कोरा राहतो. जड काही मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो. मागे रांगेतले लोक हॉर्न वाजवतील, पंपावरचा पोरगा आधी "संपलेत" म्हणेल. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये पाकीट सापडतं.